ठोका बदलला की इंजिन फसतं

खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. साऱ्यांचा ताल जुळावा म्हणून मध्यवर्ती इमारतीतून ऑप्टिकल फायबरने एकच संदर्भ-सिग्नल पाठवला जातो. नारायणगाव-मंचरच्या रस्त्यावर धावणाऱ्या गाडीतही असा ताल धरणारा क्वार्ट्झचा स्फटिक असतो, इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये. तो बदलून ‘गाडी फास्ट’ करण्याचा मोह काहींना होतो.

समजा, ८ मेगाहर्ट्झच्या जागी १० चा क्रिस्टल बसवला. सॉफ्टवेअरला याचा पत्ताच नसतो, ते जुन्याच हिशेबाने ठोके मोजतं. मग इंजेक्टर ४ मिलिसेकंदांऐवजी ३.२ मिलिसेकंदच उघडतो. ३००० आरपीएमला फिरणारं इंजिन कॉम्प्युटरला २४०० चं वाटतं. ६००० वर लागणारा लगाम ७५०० वर लागतो! स्पार्कची वेळ चुकते ती वेगळीच. ऑक्सिजन सेन्सर इंधनाची चूक थोडीफार सावरतो, पण माळशेज घाटात पूर्ण भाराने चढताना बहुतेक पेट्रोल गाड्यांत त्याचं फारसं ऐकलं जात नाही. इंधन कमी, उष्णता जास्त. पिस्टन आणि व्हॉल्व्ह जळतात ते अशाच वेळी.

शिवाय इंजिनाचा कॉम्प्युटर, एबीएस, मीटर हे सगळे ‘कॅन’ नावाच्या सामायिक वायरीवर ठरलेल्या वेगानेच बोलतात. वेग बदलला की संवाद तुटतो.

आणि ताकद? ती हवा-इंधनाच्या ज्वलनातून येते. प्रोसेसर पळवून एक अश्वशक्तीही वाढत नाही. कुणी हा बदल सुचवला, तर गाडीचं बॉनेट उघडूच देऊ नका.