एका मिलिमीटरचा पाटा

जीपच्या आसाजवळ एकाखाली एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांना धुळे-जळगावच्या गॅरेजांत पाटे म्हणतात. सर्वांत लांब तो मेन पाटा. त्याची दोन्ही टोके डोळ्यांसारखी वळवलेली असतात. एका डोळ्यात पिन, दुसऱ्यात झुलते शॅकल. मधून सेंटर बोल्ट जातो आणि सगळी चवड आसाला यू-बोल्टांनी आवळलेली असते. महिंद्राने १९४९ मध्ये माझगावात विलीज जीपची जुळणी सुरू केली ती हीच रचना घेऊन, आणि मागच्या आसाला ती कमांडर, बोलेरोपर्यंत टिकली.

खानदेशात पाट्यांची परीक्षा दोन ठिकाणी होते. तापीखोऱ्यातली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरचा डांबरी रस्ताही लाटांसारखा करून टाकते. चोपड्याहून वैजापूर, रावेरहून पाल, शिरपूरहून बोराडी अशा सातपुड्याच्या वाटांवर मात्र दगड आणि चढ असतो. तोरणमाळची वाटही त्यातलीच.

गाडी मागून बसू लागली की मालकाची पहिली मागणी असते पाटा वाढवण्याची. त्याचा हिशेब सोपा आहे. सारख्या जाडीचे आठ पाटे असतील आणि त्यांत दोन घातले, तर कडकपणा सुमारे २५ टक्क्यांनी वाढतो. जाडी वाढवली तर गणित एकदम बदलते, कारण कडकपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. सगळे पाटे ६ ऐवजी ७ मिलिमीटरचे घेतले की कडकपणा जवळपास ५९ टक्के वाढतो. ८ मिलिमीटरचे घेतले तर तो दुपटीच्याही पुढे जातो. दुकानात नजरेला न जाणवणारा एक मिलिमीटर बिनओझ्याच्या गाडीतल्या माणसांच्या कमरेला मात्र लगेच जाणवतो.

भंगारातल्या ट्रकचा एखादा जाड पाटा कापून जीपच्या चवडीत बसवण्याचा प्रकार म्हणूनच घातक. चवडीतले सगळे पाटे जवळपास सारखेच वाकतात. सारख्या वाकण्यात जाड पाट्यावरचा ताण पातळापेक्षा जास्त असतो. मजबुतीसाठी घातलेला पाटाच आधी तुटतो. शिवाय पाटे कडक झाले म्हणून आस, हब, ब्रेक आणि चॅसिस यांची ताकद वाढत नाही. गाडी बसत नाही एवढ्यावरून ती जास्त ओझे पेलते असे मानणे चूक आहे.

उंचीचेही तसेच. लांब शॅकल लावून गाडी उचलणे स्वस्त पडते. शॅकल दोन इंचांनी वाढवले की गाडी साधारण एक इंच वर येते. पण जुन्या जीपमध्ये पुढचे शॅकल पाट्याच्या पुढच्या टोकाला असते. ते लांबवले की आस फिरतो, कॅस्टर म्हणजे स्टिअरिंगच्या अक्षाचा मागे झुकलेला कोन कमी होतो आणि स्टिअरिंग भरकटू लागते. उंची हवीच असेल तर जास्त कमानीचे पाटे घ्यावेत, आणि सोबत शॉकअप व ब्रेकचे होज पुरेशा लांबीचे आहेत का ते चाक पूर्ण खाली लोंबकळू देऊन पाहावे. कायद्याची मर्यादा याही आधी येते. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच बजावले.

देखभालीतला जुना वाद तेलाचा. पाट्यांवर जळके ऑइल मारले की कुरकुर थांबते, गंजही लागत नाही. मात्र पाट्यांचे एकमेकांवरचे घर्षण हाच उसळी शमवणारा एक भाग असतो. ते गेले आणि शॉकअप थकलेला असला की गाडी डुलत राहते. पाट्याच्या डोळ्यांतले रबरी बुशही तेलाने फुगून सडतात. पाटे सोडवून, घासून, मध्ये ग्रॅफाइट ग्रीस लावणे हाच योग्य उपाय.

बसलेल्या पाट्याला घणाने ठोकून दिलेली कमान फार टिकत नाही. गॅसने तापवले तर पोलादाचे पाणीच उतरते. हे पोलाद कारखान्यात सुमारे ८५० अंशांना तापवून तेलात विझवतात आणि मग कमी उष्णतेवर पुन्हा तापवतात. उघड्या भट्टीपाशी ते अंदाजाने जमत नाही. वेल्डिंगचाही विचार करू नये. तडा बहुधा सेंटर बोल्टच्या भोकापाशी जातो. यू-बोल्ट सैल असले तर तो लवकर जातो, म्हणून नव्या कामानंतर काहीशे किलोमीटरांनी ते पुन्हा आवळावेत.

जुन्या विलीज जीपचे शॅकल या सगळ्यांत वेगळे. ते इंग्रजी यू अक्षरासारखे, आट्यांचे. त्यावर चढणाऱ्या काही बुशना उजवे आटे, काहींना डावे. डाव्या आट्यांच्या बुशच्या षट्कोनी डोक्याभोवती एक खाच असते आणि त्याच्या शॅकलच्या दांड्यावर घडवलेला छोटा उंचवटा. उजव्या आट्यांच्या बुशचे डोके साधे. ही खूण न पाहता पान्याने जोर लावला तर बुश आणि शॅकल दोन्ही जातात. बुश काढण्याआधी चिखल पुसून ती खाच बोटाने चाचपावी.