प्रमाणपत्राचा खर्च केव्हा परवडतो?

द्राक्षे युरोपात पाठवायची तर तिथले मोठे दुकानदार बहुधा ‘ग्लोबलगॅप’चे प्रमाणपत्र मागतात. १९९७ साली युरोपातील दुकानदारांनीच ही पद्धत सुरू केली. ती सरकारी सक्ती नव्हे, गिऱ्हाइकाची अट आहे.

आधी खर्च पाहा. तपासणीची फी, पाण्याची व औषधांच्या अंशाची तपासणी, औषधांसाठी कुलुपाची खोली, मजुरांना हात धुण्याची सोय. शिवाय प्रमाणपत्र एकच वर्ष चालते.

एकट्याला हे जड जाते. गावच्या उत्पादक कंपनीने गटासाठी घेतले, तर बाहेरचा तपासनीस सभासदसंख्येच्या वर्गमुळाइतक्या तरी बागा पाहतो. म्हणजे शंभरांत निदान दहा. फी वाटली जाते. मात्र कंपनीने स्वतः दरसाल शंभरही बागा तपासायच्या असतात. त्यासाठी माणूस आणि पगार आला. एकाची हयगय सगळ्या गटाला भोवू शकते.

फायदा कोणता? कोणते औषध केव्हा, किती फवारले आणि काढणीआधी किती दिवस थांबलो, हे लिहिले की वायफळ फवारणी ध्यानात येते. पण प्रमाणपत्र म्हणजे जादा भावाची हमी नव्हे. माल जवळच्या बाजारातच जाणार असेल, तर त्यात पैसा घालू नका. नोंदवही मात्र आजच सुरू करा. तिला फी लागत नाही.