विश्लेषण : मोसंबीच्या रसात जो दोष, तोच ‘निग्रोनी’त गुण कसा?

जालना जिल्ह्यातील अंबड तालुक्यातले वडीगोद्री हे धुळे-सोलापूर महामार्गावरील गाव. आजूबाजूचा सगळा पट्टा मोसंबीचा. या पट्ट्यात कोणत्याही रसाच्या गाडीवर एक सूचना हमखास मिळते : ‘लगेच प्या, ठेवला तर कडू होईल.’ याच कडूपणामुळे मोसंबीचा रस बाटलीत भरून विकणे अवघड झाले आहे. दुसरीकडे, इटलीतून जगभर पसरलेले ‘निग्रोनी’ हे जिनचे कॉकटेल मात्र नेमक्या कडूपणासाठीच प्यायले जाते. हे पेय काय आहे, ते घरी कसे करतात, त्यात मद्यार्क किती असतो आणि मोसंबी उत्पादकांनी त्यातून काय घ्यावे, याचा आढावा.

निग्रोनी म्हणजे काय?

जिन, गोड लाल व्हर्मुथ आणि कॅम्पारी हे तीन घटक सम प्रमाणात घेऊन केलेले लाल रंगाचे पेय म्हणजे निग्रोनी. जिनचा मुख्य वास ज्युनिपर या झुडपाच्या फळांचा असतो. आयुर्वेदात त्याला हपुषा म्हणतात. व्हर्मुथ ही मसाले आणि वनस्पती घालून मुरवलेली वाइन. कॅम्पारी हे कडू वनस्पती आणि फळांपासून केलेले इटालियन मद्य. गास्पारे कॅम्पारी यांनी १८६० मध्ये त्याचा व्यवसाय सुरू केला. त्याची पाककृती कंपनी आजही गुप्त ठेवते.

निग्रोनीच्या जन्माची सर्वाधिक सांगितली जाणारी कथा १९१९ ची आहे. फ्लॉरेन्समधील कॅफे कॅसोनीत कामिलो निग्रोनी हे उमराव कॅम्पारी, व्हर्मुथ आणि सोडा यांचे ‘अमेरिकानो’ घेत असत. एकदा त्यांनी ते अधिक कडक करण्यास सांगितले. फोस्को स्कार्सेली या बारटेंडरने सोड्याऐवजी जिन ओतली आणि लिंबाच्या फोडीऐवजी संत्र्याची फोड लावली.

घरी करताना प्रमाण काय?

प्रत्येकी ३० मिलिलिटर जिन, व्हर्मुथ आणि कॅम्पारी. मापाचे भांडे नसेल तर औषधाच्या बाटलीबरोबर मिळणारे १० मिलिलिटरचे झाकण स्वच्छ धुऊन वापरता येते. तिन्ही घटक बर्फाने भरलेल्या ग्लासात ओतून चमच्याने २० ते ३० सेकंद ढवळावेत. हे पेय शेकरमध्ये घुसळत नाहीत; त्याने ते गढूळ आणि पाणचट होते. नंतर बुटक्या ग्लासात बर्फाचा एक मोठा खडा ठेवून त्यावर गाळून घ्यावे. लहान खडे लवकर वितळतात. स्टीलच्या वाटीत पाणी गोठवले की मोठा खडा मिळतो.

शेवटची पायरी सालीची. रूढ कृतीत संत्र्याची साल असते, मात्र मोसंबीची सालही चालते. फळ कोमट पाण्यात चोळून धुवावे आणि नुकती फवारणी झालेल्या बागेतले नसावे. वरचा रंगीत थर तेवढा पातळ सोलून ग्लासावर पिळावा. सालीतल्या सूक्ष्म पिशव्यांतील तेल पेयावर उडते आणि पहिल्या घोटाआधी नाकाला वास मिळतो. आतला पांढरा थर नको. तो नुसता कडू असतो. पेय फारच कडू लागले तर चिमटीभर मीठ घालावे. मिठाने कडूपणाची धार कमी होते. व्हर्मुथ ही मुळात वाइन असल्याने उघडलेली बाटली फ्रिजमध्ये ठेवून महिना-दोन महिन्यांत संपवावी.

त्याचे प्रकार कोणते?

तीनपैकी एक घटक बदलला की नवे पेय तयार होते. जिनऐवजी बर्बन व्हिस्की घेतली की ‘बुलवार्डिये’. हे १९२० च्या दशकातील पॅरिसचे. जिनऐवजी फसफसणारी वाइन घातली की ‘निग्रोनी स्बाल्याटो’. स्बाल्याटो म्हणजे ‘चुकलेली’. मिलानच्या बार बासोमध्ये चुकून दुसरी बाटली हाती आल्याने ते झाले, असे सांगतात. २०२२ मध्ये समाजमाध्यमांवरील एका चित्रफितीमुळे हे नाव तरुणांच्या तोंडी बसले. ‘व्हाइट निग्रोनी’ २००१ मध्ये ब्रिटिश बारटेंडर वेन कॉलिन्स यांनी केली. तिच्यात कॅम्पारीऐवजी जेन्शियन या कडू मुळीचे फ्रेंच मद्य असते. जिनऐवजी काळी रम घेतल्यास काकवीसारखी गोडसर चव येते. गोव्यात २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली काजूची फेणीही जिनच्या जागी वापरता येते. मात्र तिचा वास उग्र असल्याने मात्रा निम्मी ठेवावी लागते.

एका ग्लासात मद्यार्क किती?

लहान ग्लासामुळे अंदाज चुकतो, तो इथे. भारतीय जिनमध्ये साधारण ४२.८ टक्के मद्यार्क असतो. ३० मिलिलिटरमध्ये सुमारे १३ मिलिलिटर. २५ टक्क्यांच्या कॅम्पारीतून साडेसात आणि १६ टक्क्यांच्या व्हर्मुथमधून सुमारे पाच मिलिलिटर. एकूण २५ मिलिलिटर, म्हणजे सुमारे २० ग्रॅम शुद्ध मद्यार्क. जिनच्या ३० मिलिलिटरच्या एका पेगात सुमारे १० ग्रॅम असतो. त्यामुळे एक निग्रोनी म्हणजे दोन पेग. दोन ग्लास घेतले की चार पेग होतात आणि गोडसर-कडू चवीमुळे ते लक्षात येत नाही. मद्याची कोणतीही मात्रा आरोग्यासाठी सुरक्षित नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे. घ्यायचेच असेल तर मूळचे अमेरिकानो हा सौम्य पर्याय आहे. त्यात जिनऐवजी सोडा असल्याने मद्यार्क निम्म्यावर येतो. प्यायल्यानंतर वाहन चालवणे मात्र कोणत्याही मात्रेनंतर टाळावे.

कायदा काय सांगतो?

महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा आजही लागू असून मद्य बाळगण्यासाठी आणि पिण्यासाठी परवाना लागतो. जिनसारख्या मद्यासाठी वयाची अट २५ वर्षे, तर बीअरसाठी २१ वर्षे आहे. गोव्यात स्वस्त मिळाली म्हणून परवान्याविना आणलेली बाटली महाराष्ट्रात बेकायदा ठरते. जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मद्यावरील शुल्क वाढवले. त्यानुसार देशात बनलेल्या विदेशी मद्याच्या १८० मिलिलिटर बाटलीची किमान किंमत २०५ रुपये झाली.

घरी पेय मिसळणे वेगळे आणि मद्य गाळणे वेगळे. दुसरा प्रकार गुन्हा तर आहेच, शिवाय जीवघेणाही आहे. जून २०१५ मध्ये मुंबईतील मालवणीत मिथेनॉलमिश्रित दारूने १०० हून अधिक बळी घेतले. मिथेनॉल चवीने किंवा वासाने ओळखता येत नाही.

मोसंबीचा रस कडू का होतो?

याचे उत्तर लिमोनिन या द्रव्यात आहे. अखंड फळात ते तयार नसते. त्याचे पूर्वद्रव्य असते आणि त्याला कडू चव नसते. फळ पिळले की पेशी फुटतात आणि रसातील आम्लाच्या संपर्कात या पूर्वद्रव्याचे हळूहळू लिमोनिन होते. म्हणून ताजा रस गोड लागतो आणि काही तासांत कडू होतो. तापवल्यावर ही क्रिया वेगाने घडते. टिकवण्यासाठी रस तापवावाच लागतो, त्यामुळे प्रक्रिया उद्योगाची अडचण होते. बियांत लिमोनिन भरपूर असते; मिक्सरमध्ये बिया भरडल्या की रस आणखी कडू होतो. हे घरीही तपासता येते. एकाच फळाचा अर्धा रस लगेच प्यावा, अर्धा फ्रिजमध्ये ठेवून चार-पाच तासांनी चाखावा.

हा कडूपणा शोषून घेणारी राळ आणि विकरे उपलब्ध आहेत, पण त्यांचा खर्च असतो. परिणामी जालन्याच्या मोसंबीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळूनही बहुतांश माल ताजे फळ म्हणूनच बाजारात जातो. फळगळ झाली किंवा आवक वाढली की भाव पडतो आणि माल थांबवून ठेवण्याचा मार्ग नसतो. २०१२-१३ च्या दुष्काळात याच पट्ट्यात बागा वाळल्या आणि अनेक शेतकऱ्यांनी झाडे तोडली.

कडूपणाचे मोल दुसरीकडे कसे मिळाले?

कॅरेबियन समुद्रातील कुरासाव बेटाचे उदाहरण बोलके आहे. सोळाव्या शतकात स्पॅनिशांनी तिथे गोड संत्री लावली. कोरड्या हवामानात फळ खुरटले आणि खाता येणार नाही इतके कडू झाले. मात्र त्याच्या वाळवलेल्या सालीत उत्तम सुगंधी तेल होते. त्यातून बेटाचे नाव मिळालेले ‘कुरासाव’ मद्य झाले. लग्नाच्या स्वागत समारंभात मिळणाऱ्या निळ्या मॉकटेलमधील सिरपही त्याच नावाने विकले जाते. अलीकडे गोव्यात २०१७ पासून नव्या धाटणीच्या जिन बनू लागल्या. त्यांतील काहींत लिंबूवर्गीय फळांच्या साली हाच मुख्य घटक आहे.

मोसंबीच्या सालीपासून तेल, मुरंबा, वाळवलेली साल आणि कडू सिरप करता येते. यातील मद्यविरहित पदार्थांना उत्पादन शुल्क विभागाच्या परवान्याची गरज नाही. अन्नसुरक्षेची नोंदणी पुरते. मद्यार्कात साल मुरवून विकायची असेल, तर मात्र परवाना अनिवार्य आहे.

मद्याविना हीच चव मिळेल का?

बऱ्याच अंशी. जेन्शियनच्याच कुळातले काडेचिराईत आपल्याकडे वनौषधींच्या दुकानात मिळते. एक कप पाणी, अर्धा कप साखर, दोन मोसंबींची पातळ साल, दोन लवंगा आणि दालचिनीचा लहान तुकडा पाच मिनिटे उकळावा. गॅस बंद करून काडेचिराईताच्या एक-दोन बारीक काड्या त्यात पाच मिनिटे ठेवून काढाव्यात. जास्त वेळ राहिल्यास सिरप पिता येणार नाही. थंड झाल्यावर गाळून घ्यावे. ३० मिलिलिटर हे सिरप, १५ मिलिलिटर अमृत कोकम, बर्फ आणि वरून सोडा. लाल रंग कोकमाचा, कडूपणा काडेचिराईताचा आणि वास मोसंबीचा. काडेचिराईताने रक्तातील साखर उतरू शकते, त्यामुळे मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी आणि गर्भवतींनी ते टाळावे.

वडीगोद्रीच्या परिसरात रसाच्या गाडीमागे सालींचा ढीग रोज साचतो आणि उकिरड्यावर जातो. रसाचा कडूपणा घालवण्याचे तंत्र महाग आहे. सालीचा कडूपणा विकण्यासाठी मात्र पातेले, साखर आणि स्वच्छ फळ पुरेसे आहे. बचत गट आणि शेतकरी उत्पादक कंपन्यांना सुरुवात करण्यासाठी हा सर्वांत कमी खर्चाचा मार्ग ठरू शकतो.