मितावलीचे छायाचित्र

लष्करातील मराठी घरांच्या दिवाणखान्यांत किल्ल्याचे छायाचित्र बहुधा असतेच. मितावलीचे मात्र क्वचित आढळते. ग्वाल्हेरपासून सुमारे ४० किलोमीटरांवर, मुरैना जिल्ह्यात, शेतांच्या मधोमध एका टेकडीवर चौसष्ट योगिनींचे वर्तुळाकार देऊळ उभे आहे. १३२३ सालच्या शिलालेखावरून ते कच्छपघात राजा देवपालाने बांधविले, असे मानतात. दिल्लीचे जुने संसद भवन यावरूनच बेतले, असे वाटाडे ठासून सांगतात. पुरावा विचारला की हसतात.

गेल्या पौषात आम्ही चिरंजीवांसह तेथे गेलो. शाळेच्या भिंतीसाठी एक छायाचित्र हवे होते. टेकडीच्या पायथ्याशी उभे राहून कॅमेरा वर रोखला, तर भिंत मागे कललेली दिसे; म्हणून मागे हटत हटत मोहरीच्या शेतापर्यंत आलो. आता भिंत सरळ झाली. पण देवळाचा गोलावाच नाहीसा होऊन एक लांबट पट्टी तेवढी उरली! धुके विरून ऊन तिरपे पडू लागले, तेव्हा कोडे सुटले. उजेडाची बाजू हळूहळू सावलीत वळत गेली आणि त्या वळणातून भिंतीची गोलाई प्रकटली. माध्यान्हीच्या उन्हात हे कदापि साधले नसते. क्षितिज आम्ही चौकटीच्या वरच्या तृतीयांशावर ठेवले. खाली पिवळी मोहरी आणि मोटेच्या काळची वाटावी अशी एक पायवाट.

घरी आल्यावर खरा पेच पडला. चिरंजीवांनी मोबाईलवर बोट फिरवून आडवी आलेली विजेची तार पुसली, आकाश गडद केले. इथवर आमची हरकत नव्हती. राजा दीनदयाळ यांनी टिपलेली ग्वाल्हेरची दृश्ये लेपेल ग्रिफिन यांच्या १८८६ सालच्या ग्रंथात आली, त्या काळी काचेवरचा लेप निळ्या प्रकाशाला अतिसंवेदनशील असल्याने आकाश पांढरेफटक उमटे, आणि कित्येक छायाचित्रकार दुसऱ्या काचेवरचे ढग आणून जोडीत. परंतु चिरंजीवांनी पुढे भिंतीच्या माथ्यावरचे ढळलेले दगडही सांधून टाकले. तेव्हा आम्ही म्हणालो, "बाळ, हे दगड तू कोणाला विचारून बसवलेस?"

"बाबा, पाहणाऱ्याला बरे दिसते."

जवळच बटेश्वरला सुमारे २०० लहानमोठ्या देवळांचा ढिगारा होता. २००५ पासून पुरातत्त्व खात्याने के. के. मुहम्मद यांच्या नेतृत्वाखाली तेथील एकेक दगड ओळखून त्याच्या जागी बसविला आणि ८० च्या आसपास देवळे उभी केली. अशा कामी जुनी छायाचित्रे साक्षीला लागतात. उद्या कोणी आमचे छायाचित्र हाती घेऊन मितावलीचा माथा अभंग होता असे ठरविले, तर?

चिरंजीव थोडे रुसले, पण मूळ प्रत त्यांनी जपून ठेवली होती. आकाश गडद राहू दिले. दगड जसे होते तसे परत आले, आणि आमच्या हट्टापायी तारही. शाळेच्या भिंतीवर आता तीच प्रत आहे. खाली गाव, तारीख आणि वेळ लिहिली आहे. तार दिसताच मुले विचारतात, "सर, मंदिर में बिजली है क्या?"