घरांतील वाऱ्याची परतवाट

खोलींत वारा कोठून यावा याचा विचार सर्वच करितात. आलेला वारा कोठून जावा याचा विचार फारच थोडे करितात. घर बांधविणारा मनुष्य गवंड्याशीं खिडकीच्या मापाविषयीं घासाघीस करितो, दाराची चौकट सागवानी हवी कीं बाभळीची यावर चार दिवस खल करितो, पण समोरच्या भिंतींत, लिंटलच्या वर, फूटभर लांबीचा झरोका ठेवण्याचा विषय निघाला कीं तोच मनुष्य म्हणतो, "मिस्त्री, तें भोंक कशाला? चिमण्या घरटीं करतील." मिस्त्रीहि वाद घालीत नाहीं. झरोका बुजतो आणि पुढील तीस-चाळीस उन्हाळे त्या घरांतील माणसें त्याचें भाडें घामाच्या रूपानें भरीत राहतात.

जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यांत अंकुशनगर आहे. समर्थ सहकारी साखर कारखान्याच्या भोंवतालची ही वस्ती. जायकवाडीच्या डाव्या कालव्याच्या पाण्यामुळें या टापूंत उसाचें हिरवें शिवार दिसतें. पण एप्रिल-मे महिन्यांत पारा बेचाळीस अंशांच्या आसपास जाऊं लागला म्हणजे या हिरवळीचा घराच्या आंत फारसा उपयोग होत नाहीं. मातीच्या जाड भिंती जाऊन विटांच्या अर्ध्या भिंती आल्या, धाब्याच्या जागीं सिमेंटचा स्लॅब किंवा पत्रा आला. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि दिवेलागणीनंतर तें खोलींत सोडूं लागतो. म्हणून बाहेर वारा गार झाला तरी आंत तान्हें मूल किरकिरतें व म्हाताऱ्या माणसाचा जीव कासावीस होतो. या दुखण्यावर लोक कूलर आणतात, ऐपत असेल तर वातानुकूलन यंत्रहि बसवितात. आणि पुष्कळदा त्या यंत्राचें निम्मेंअधिक काम वाऱ्याच्या परतवाटेच्या अभावीं फुकट जातें.

ही परतवाट म्हणजे काय, तें समजण्यास गुऱ्हाळाकडे पाहावें. चुलवाणाच्या तोंडांत चिपाडें टाकितात आणि दुसऱ्या टोकाला धुराडें असतें. तापलेला धूर हलका होऊन धुराड्यांतून वर चढतो. तो वर गेला म्हणजे त्याची जागा भरण्यास तोंडांतून ताजी हवा आपोआप आंत ओढली जाते. धुराडें बुजवून कोणीं चुलवाणापुढें कितीहि फुंकलें तरी धूर तोंडानेंच बाहेर येईल व जाळ विझत जाईल. वारा ढकलल्यानें जितका येतो तितकाच पुढची वाट मोकळी असल्यानें येतो. बाटली पाण्यानें भरतांना आंतली हवा बुडबुड करीत बाहेर पडते, ती पडली नाहीं तर पाणी आंत जात नाहीं, हें शाळेंतील लहान मुलाहि जाणतात. खोली ही एक मोठी बाटलीच होय.

जुन्या लोकांस ही गोष्ट पुस्तकावांचून ठाऊक होती. मराठवाड्यांतील धाब्याच्या घरांत माळवदाला एक लहानसें भोंक ठेवीत. त्यांतून उजेड येई, चुलीचा धूर जाई, आणि धुराबरोबर माथ्याशीं सांचलेली ऊन हवाहि जाई. पावसांत त्यावर घमेलें किंवा फरशी पालथी घालीत. वाड्यांतला चौक हेंहि तेंच काम मोठ्या प्रमाणावर करी. चौकांतील तापलेली हवा वर उठे आणि भोंवतालच्या सोप्यांतून, ओसरींतून सावलींतली हवा तिकडे सरके. रात्रीं उघड्या आकाशाखालीं चौकाची फरशी निवे व पहाटेपर्यंत तिच्यावर जमलेला गारवा खोल्यांत पसरे. नगरजवळचा फराहबाग महाल १५८३ सालीं पुरा झाला. निजामशाहीच्या त्या कारागिरांनीं महाल तलावाच्या मधोमध बांधिला आणि त्याच्या पोटांत उंच घुमटाचें दालन ठेविलें. पाण्यावरून येणारा वारा व डोक्यावर ऊन हवेला चढण्यास मोकळी उंची, अशी ती जोडी आहे. आज तलाव बहुतेक कोरडा असतो, पण रचना डोळ्यांपुढें आहे.

आतां कूलरकडे वळूं. या यंत्रांत थंडी निर्माण करणारें असें कांहींच नसतें. ओल्या वाळ्याच्या किंवा गवताच्या तट्ट्यांतून पंखा हवा ओढतो. पाण्याची वाफ होते आणि वाफ होण्यास लागणारी उष्णता ती हवेंतूनच घेते. ही उष्णता थोडीथोडकी नव्हे. एक किलो बर्फ वितळण्यास ८० किलोकॅलरी पुरतात. एक लिटर पाण्याची वाफ होण्यास सुमारें ५८० लागतात. मे महिन्यांत हवा ४२ अंशांवर व दमटपणा २० टक्क्यांच्या घरांत असेल तर चांगला कूलर २७-२८ अंशांची हवा देऊं शकतो. कोरडी हवा ही मराठवाड्याची मोठी पुंजी आहे. मुंबईकराला ही चैन मिळत नाहीं.

परंतु हिशेबाची दुसरी बाजू अशी. बारा फूट लांब, दहा फूट रुंद, दहा फूट उंच खोलींत १२०० घनफूट हवा मावते. तीस अंशांवरच्या इतक्या हवेंत फार झालें तर लिटरभर पाण्याची वाफ राहूं शकते. त्यापुढें ती तुडुंब भरली. इकडे मध्यम कूलर तासाला दहा-पंधरा लिटर पाणी पितो. हें सारें पाणी जाणार कोठें? दारें-खिडक्या लावून घेतल्या आणि कूलर खोलीच्या मधोमध ठेविला, तर तो खोलींतलीच हवा पुन्हा पुन्हा ओली करितो. पहिलीं पांच-दहा मिनिटें बरें वाटतें. मग हवेंत आणखी वाफ मावेनाशी होते, गारवा थांबतो, अंगावरचा घाम वाळत नाहीं, अंथरूण दमट लागतें. घरधनी म्हणतो, यंत्र बिघडलें. यंत्र बिघडलेलें नसतें. त्याला बिचाऱ्याला श्वास सोडण्यास जागाच ठेविलेली नसते.

म्हणून कूलर खिडकींत, पाठ बाहेर करून बसवावा. त्यानें बाहेरची कोरडी हवा ओढावी, आंत सोडावी, आणि ती हवा खोलींतील उष्णता व वाफ घेऊन दुसरीकडून निघून जावी. दर मिनिटास २००० घनफूट हवा देणारा कूलर वरील खोलींतली हवा छत्तीस सेकंदांत बदलतो. इतकी हवा बाहेर जाण्यास सुमारें चार चौरस फूट मोकळी जागा लागते, म्हणजे दोन फूट रुंद व दोन फूट उंच खिडकी पूर्ण उघडी. डासांची जाळी असेल तर अधिक, कारण जाळीच्या तारा बरीच वाट अडवितात.

ही बाहेर जाण्याची जागा कूलरच्या शेजारीं असूं नये; असली तर आलेला वारा खोलीला वळसा न घालतां तसाच निघून जाईल. पाहुण्यास पुढच्या दारानें घेऊन त्याच दारानें निरोप द्यावा तसा तो प्रकार. ती समोरच्या भिंतींत, शक्य तों कर्णरेषेच्या टोकाला असावी, आणि निजणारांच्या खाटा या दोहोंच्या मध्यें याव्यात. तिचा कांहीं भाग तरी उंचावर, छताखालीं असावा. कारण स्लॅबला चिकटून बसलेली सर्वांत ऊन हवा प्रथम तीच गेली पाहिजे. लिंटलवरचा जुना झरोका येथें कामास येतो. दुर्दैवानें पुष्कळ घरांत त्याच उंचीवर सामानाचा माळा टाकतात, आणि पितळी भांडीं, जुन्या गोधड्या यांच्यामागें झरोका गडप होतो. दोन खोल्या असतील तर मधलें दार उघडें ठेवून मागच्या खोलीची खिडकी उघडावी. एकाच कूलरचा वारा दोन्ही खोल्यांतून फिरून जाईल. वाट बरोबर झाली कीं नाहीं याची परीक्षा पै न खर्चतां होते. उघड्या खिडकीच्या गजाशीं वर्तमानपत्राच्या कागदाची पातळ पट्टी धरावी. ती बाहेरच्या बाजूस झुकून राहिली तर ठीक. लोंबकळत राहिली तर वाट अपुरी आहे. जातां जातां एवढेंच कीं पत्र्याच्या कूलरला अर्थिंगची तार जोडलेली असलीच पाहिजे, आणि टाकींत पाणी घालतांना वीज बंद करावी.

वातानुकूलन यंत्राचा न्याय मात्र उलटा आहे, आणि येथेंच लोकांचा गोंधळ उडतो. तें यंत्र खोलींतलीच हवा घेतें, तिच्यांतील उष्णता व ओल काढतें आणि तीच हवा परत देतें. उष्णता तेवढी बाहेरच्या पेटीवाटे टाकतें. म्हणून येथें दारें लावावीं लागतात, पण परतवाट संपत नाहीं. ती यंत्राच्या तोंडाशीं येते. भिंतीवर बसविलेली पेटी हवा आपल्या माथ्यावरून ओढते व खालून पुढें सोडते. छत आणि पेटी यांत चार-सहा बोटें मोकळी जागा न ठेवितां ती वर चढवून बसविली, किंवा शोभेसाठीं तिच्यापुढें लाकडी पट्टी व पडदा लाविला, तर ती आपणच सोडलेली गार हवा पुन्हा ओढते, खोली निवली असें समजते आणि लवकर थांबते. बाहेरची पेटीहि अशीच. अरुंद बोळांत, तीन बाजूंनीं भिंत असलेल्या खांचेंत ती ठेविली म्हणजे ती स्वतःच टाकलेली ऊन हवा गिळत बसते आणि विजेचें बिल वाढतें. शिवाय बंद खोलींत माणसांचे उच्छ्वास सांचत राहतात. २०२० सालच्या साथीनें हा धडा सर्वांनाच महागांत शिकविला. म्हणून अधूनमधून दार-खिडकी उघडून हवा बदलणें जरूर आहे.

हवा कोठून सोडावी व कोठून परत घ्यावी हा प्रश्न मोठमोठ्या इंजिनिअरांनाहि चुकत चुकतच सुटला. विलिस कॅरियर यानें १९०२ सालीं न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागांतील एका छापखान्यासाठीं हवेंतील ओल ताब्यांत ठेवणारी योजना आखली. हेतु माणसांस गार वाटावें हा नव्हता, कागद फुगून रंग सरकूं नयेत हा होता. पुढें अमेरिकेंतील नाटकगृहांत थंड हवा खुर्च्यांखालून सोडूं लागले. गार हवा जड, ती खालींच पसरे. प्रेक्षकांचे पाय काकडत व ते पायांना वर्तमानपत्रें गुंडाळून बसत, तर माथ्यावर उकाडा तसाच. १९२० नंतरच्या दशकांत क्रम उलटविला: थंड हवा छताकडून सोडावी, ती आपल्या जडपणानें सावकाश खालीं उतरावी, आणि परतीचीं तोंडें खालीं ठेवावीं. यंत्र तेंच, तोंडांच्या जागा बदलल्या आणि चित्रपटगृहें उन्हाळ्यांतहि भरूं लागलीं. मुंबईचें रीगल १९३३ सालीं सुरू झालें तें वातानुकूलनासहच.

अमेरिकेंत किंवा कॅनडांत जाऊन राहिलेल्या मराठी कुटुंबांस हा प्रश्न घराच्या भिंतीभिंतींत भेटतो. तेथें बहुधा तळघरांत भट्टी असते. ती तापविलेली हवा नळांतून प्रत्येक खोलींत सोडते आणि परतीच्या जाळ्यांतून पुन्हा ओढून घेते. येथें नियम साधा आहे. हिवाळ्यांत गार हवा जमिनीशीं सांचते, म्हणून थंड मुलखांत परतीची जाळी खालीं हवी. उन्हाळा कडक असलेल्या मुलखांत ऊन हवा छताशीं सांचते, म्हणून ती वर हवी. दोन्ही ऋतु तीव्र असतील तेथें कांहीं घरांत वर आणि खालीं अशा दोन जाळ्या ठेवितात व ऋतूप्रमाणें एक मिटतात. हवा सोडणारें तोंड बाहेरच्या भिंतीकडे, खिडकीखालीं असेल तर परतीचें आंतल्या भिंतींत असावें. स्वयंपाकघर, न्हाणीघर व मोटार ठेवण्याची जागा येथें परतीची जाळी कधींच नसावी. नाहीं तर फोडणीचा वास व मोटारीचा धूर घरभर वांटला जातो. बैठकीत एकच मोठी जाळी असेल तर निजायच्या खोलीचें दार लावतांच तेथली हवा अडकते. त्यासाठीं दाराखालीं फट ठेवितात. ती पुरत नसेल तर दारावर जाळी बसवितात.

याच ठिकाणीं जिवाची गोष्ट आहे. दारें लावलेल्या खोल्यांत हवा कोंडली आणि परतीची जाळी मात्र बैठकींतून जोरानें ओढत राहिली, म्हणजे घराच्या त्या भागांत हवेचा तुटवडा पडतो. घर तो कोठून तरी भरून काढतें, आणि भट्टीचें धुराडें जवळ असेल तर त्यांतूनच उलटी हवा ओढतें. तिच्याबरोबर येतो कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाहीं, वास नाहीं, घसा खवखवत नाहीं. रक्तांतील तांबड्या द्रव्याला तो प्राणवायूपेक्षां दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. डोकें दुखतें, गुंगी येते, आणि झोपलेला मनुष्य उठत नाहीं. म्हणूनच परतीची जाळी जळती भट्टी किंवा पाणी तापविण्याचें यंत्र यांपासून निदान दहा फूट दूर असावी असा तिकडे दंडक आहे.

हें सारें परदेशांतलें म्हणून सोडून देतां येत नाहीं. थंडींत अंबड-घनसावंगीकडे पहाटे चांगलाच गारठा असतो. अशा रात्रीं कोळशाची शेगडी खोलींत घेऊन दार लावून निजणें म्हणजे तोच वायु उशाशीं ठेवणें होय. कोळसा लाल झाला, धूर दिसेनासा झाला, म्हणजे धोका टळला असें लोक समजतात. धोका तेव्हांहि चालूच असतो. लहान न्हाणीघरांत बसविलेल्या गॅसच्या गीझरनें पुण्या-मुंबईकडे माणसें दगावलीं आहेत. असा गीझर न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेंत बसवावा. आंत असेलच तर त्याचा जळका वायु नळीनें थेट घराबाहेर गेला पाहिजे, खालीं ताजी हवा येण्यास व छताशीं ती जाण्यास कायमच्या उघड्या जाळ्या हव्यात, आणि पाणी बादलींत भरून गीझर बंद केल्यावरच स्नानास बसावें. थंडी येते म्हणून त्या जाळींत बोळा कोंबणाऱ्या घरच्या मंडळींना मात्र वेळींच अडविलें पाहिजे.

कूलरविषयीं एक गोष्ट राहिली. मृगाचा पाऊस पडून हवा दमट झाली म्हणजे त्याचें काम संपतें. तीस अंशांच्या आणि ८० टक्के दमट हवेंत तो दोन-तीन अंशांपलीकडे कांहीं देत नाहीं. उलट भिंतींना बुरशी आणितो. तेव्हां पाण्याचा पंप बंद करून नुसता पंखा चालवावा, टाकी रिकामी करून पुसून वाळवावी म्हणजे डास होत नाहींत, आणि समोरची खिडकी मात्र होती तशीच उघडी ठेवावी.