रानातील गोचिडांची पाहणी कशी आखावी?

कोकणात काजू वेचण्याचा हंगाम व माकडतापाचा हंगाम एकाच वेळी येतात. हा रोग प्रथम १९५७ साली कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात ओळखला गेला. २०१५ साली गोव्याच्या सत्तरी तालुक्यात काजूबागांतील मजुरांना, व २०१६ साली सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात त्याची लागण झाली. रानगोचिडाच्या चाव्याने विषाणू माणसाच्या शरीरात शिरतो. अकस्मात तीव्र ताप, डोकेदुखी, अंगदुखी व काही वेळा रक्तस्राव ही त्याची लक्षणे होत. शंभर रोग्यांमागे तीन ते पाच दगावतात. त्यावर नेमके औषध नसल्याने गोचीड कोठे व किती आहेत, हे आधीच कळणे अगत्याचे आहे.

किनाऱ्यावरील मिठबाव दोडामार्गच्या रानापासून दूर असले, तरी बागा, झुडपे व चरणारी गुरे तेथेही आहेत. अशा गावी पाहणी पुढीलप्रमाणे आखावी.

साधन : सुमारे एक मीटर लांब-रुंद पांढरे फलालीन काठीला बांधून गवतावरून व पालापाचोळ्यावरून सावकाश ओढावे. वाटसरूची वाट पाहणारे गोचीड त्यास चिकटतात. दर दहा पावलांवर थांबून कापडाच्या दोन्ही बाजू पाहाव्यात. अन्यथा चिकटलेले गोचीड गळून पडतात. दव वाळल्यावरच काम सुरू करावे.

जागांची निवड : पाहणीचे मर्म येथेच आहे. सोयीच्या पायवाटेवर कापड फिरवून ‘गोचीड नाहीत’ असे लिहिणे धोक्याचे होय. गावाचे चार भाग करावेत : बागा, झुडपी रान, गुरांची वाट व गोठ्याभोवतालची जागा. नकाशावर प्रत्येक भागात चौकटी पाडून त्यांना क्रमांक द्यावेत व चिठ्ठ्या टाकून पाच-पाच चौकटी निवडाव्यात. प्रत्येकीत पन्नास पावले कापड ओढावे.

वीसच जागा का? समजा, दर पाच जागांपैकी एकीत गोचीड आहेत. पाचच जागा पाहणाऱ्याच्या हाती तीनांतून एकदा काहीच लागणार नाही. वीस जागा पाहिल्यास अशी फसगत शंभरांतून सुमारे एकदाच होईल. कोरे कापड म्हणजे निर्धोक रान नव्हे. किती जागा पाहिल्या, यावर त्याचे मोल ठरते.

नोंद : माणसाला बहुधा चावणारी पिल्लावस्था कोरड्या दिवसांत अधिक असते. म्हणून नोव्हेंबर ते मे दर पंधरवड्यास त्याच जागी, त्याच वेळी पाहणी करावी. तारीख, जागा, पावले व संख्या लिहावी, शून्यही लिहावे. गुरांच्या कानांवरील, गळ्याच्या पोळीवरील व कासेवरील गोचिडांची नोंद वेगळी ठेवावी. ती कापडाच्या मोजणीत मिसळू नये.

दक्षता : पूर्ण बाह्यांचा सदरा घालावा, विजारीची टोके मोज्यांत खोचावीत, उघड्या अंगास गोचीड-प्रतिबंधक तेल लावावे. गोचीड बोटांनी चिरडू नये. चिमट्याने उचलून चिठ्ठी लावलेल्या बाटलीत ठेवावा. मोजणीने गोचीड किती ते कळते, विषाणू आहे की नाही ते कळत नाही. ते प्रयोगशाळाच सांगू शकते. यास्तव बाटल्या आरोग्य केंद्राच्या सल्ल्यानेच पाठवाव्यात. मेलेले माकड वा वानर दिसल्यास त्यास हात न लावता वनखात्यास व आरोग्य केंद्रास त्वरित कळवावे.

ज्या गावाच्या वहीत प्रत्येक पंधरवड्याची नोंद असेल, त्या गावास काजू वेचावयास कोणत्या बागेत अधिक जपून जावे, हे पहिला रोगी आढळण्यापूर्वीच कळेल.