पाठीवरचे पाणी

ग्वाल्हेरच्या नावाची कथाच मुळी तहानेची आहे. शिकारीस निघालेला सूरजसेन या डोंगरावर तहानेने व्याकूळ झाला, ग्वालिपा नावाच्या साधूने त्यास कुंडातील पाणी पाजले आणि त्या उपकाराच्या स्मरणार्थ येथे किल्ला उभा राहिला, अशी आख्यायिका आहे. मात्र आजच्या पदयात्रिकाने कुंडाच्या भरवशावर निघू नये. मे महिन्यात येथील पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. गुजरी महालापासून हत्तीपोळीपर्यंतचा चढ फार लांब नाही. परंतु तापलेला वालुकाश्म खालून आणि सूर्य वरून माणसास भाजून काढतो.

झोळीतील बाटली काढण्यासाठी थांबावे लागते, म्हणून पिणे लांबणीवर पडते. यावर उपाय म्हणजे नळी जोडलेली पाठपिशवी. तिचा जन्मही उन्हातलाच. १९८०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील टेक्सास राज्यात मायकेल आयडसन या सायकलपटूने शिरेतून द्रव देण्याची पिशवी पाण्याने भरली, लांब मोज्यात घालून पाठीस अडकवली व तिची नळी खांद्यावरून पुढे घेतली. त्या घरगुती युक्तीतूनच हा प्रकार रूढ झाला.

अर्ध्या दिवसाच्या फिरण्यास दोन लिटरांची पिशवी पुरते. चालताना ताशी अर्धा लिटर पाणी लागते; कडक उन्हात त्याहून अधिक. एक लिटर म्हणजे एक किलो ओझे, हे ध्यानी ठेवून पट्टे रुंद व मऊ निवडावेत आणि पिशवी भरूनच पाठीवर घालून पाहावी. तोंड हात आत जाईल इतके मोठे असावे. बर्फ टाकणे व धुणे त्यामुळे सुकर होते.

उरलेले काम शिंप्याचे. छातीवर आडवा पट्टा शिवून घेतल्यास पिशवी हिंदकळत नाही. नळीतले थोडेसे पाणी सर्वांत आधी तापते. म्हणून तिला सुती गवसणी घालून ती ओली ठेवावी. जुन्या छागलीतून पाणी पाझरून वाऱ्याने गार होई, तोच न्याय येथेही लागू पडतो आणि कोरड्या लूमध्ये तो विशेष उपयोगी ठरतो.

पिशवीत केवळ साधे पाणी भरावे. साखरेने नळीत बुरशी धरते. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घातलेले पेय निराळ्या बाटलीत न्यावे. घामावाटे मीठ जाते. ते न भरता नुसतेच पाणी भाराभर पिणेही घातक असते. चक्कर, मळमळ वा डोकेदुखी जाणवताच चालणे थांबवून सावली गाठावी. बोलण्यात असंबद्धता आली, तर तो उष्माघात समजून अंग ओले करावे, वारा घालावा व त्वरित वैद्यकीय मदत मिळवावी.

घरी परतल्यावर पिशवी व नळी धुऊन उघडी वाळवावी. अर्धे पाणी संपताच परतीची वाट धरण्याचा नियम पाळला, तर तिचा खरा उपयोग झाला.